सायटिकासाठी नर्व्ह ब्लॉक: कोणाला, केव्हा, कसा आणि त्यानंतर काय

मणक्याच्या दोन हाडांमधली गादी फाटून तिचा आतला मऊ भाग बाहेर आला, की नसेच्या मुळाला दोन प्रकारचा त्रास होतो. एक म्हणजे दाब. दुसरा म्हणजे त्या बाहेर आलेल्या भागातल्या रसायनांमुळे येणारी सूज. निरोगी नसेवर नुसता दाब पडला तर मुंग्या येतात, पाय बधिर होतो. नितंबापासून पोटरीपर्यंत आग ओकत जाणारी, शिंकलं तरी पायात करंट मारणारी कळ मात्र सुजलेल्या नसेची असते. हीच सायटिका. नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नसेच्या मुळापाशी दिलेलं बधिर करणाऱ्या औषधाचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, या सुजेवर काम करतो. गादी जागेवर बसवणं, दाब काढणं किंवा हाड सरकवणं हे त्याचं काम नाही. हा फरक आधीच मनात पक्का असला, तर पुढे फसवणूकही होत नाही आणि निराशाही होत नाही.

मग गादीचं काय? तिचं बरचसं काम शरीर स्वतःच करतं. बाहेर आलेला तुकडा परका समजून शरीर तो हळूहळू शोषून घेतं. २०१५ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. त्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत, फाटून बाहेर आलेली गादी ७० टक्क्यांत, थोडीच पुढे आलेली गादी (प्रोट्रूजन) ४१ टक्क्यांत आणि नुसता फुगवटा १३ टक्क्यांत लहान झालेला आढळला. म्हणजे एमआरआयच्या कागदावर ‘सिक्वेस्ट्रेशन’ (पूर्ण सुटून पडलेला तुकडा) असा भीतिदायक शब्द आहे, एवढ्यावरून लगेच ऑपरेशन ठरत नाही. उलट तोच तुकडा विरघळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. अडचण एवढीच, की या कामाला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि तोवर माणसाला झोपायचं असतं, चालायचं असतं, नोकरीवर जायचं असतं. ब्लॉकची खरी जागा इथे आहे. तो ही मधली मुदत सुसह्य करतो.

दुखतंय ते सायटिकाच आहे ना

इंजेक्शन चुकीच्या जागी गेलं, असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा सुई बरोबर असते आणि निदान चुकलेलं असतं. म्हणून या पायरीवर घाई नको.

दुखण्याची रेघ कुठून कुठे जाते ते बोटाने काढून पाहा. कमरेच्या मणक्यांना वरून खाली एल-१ ते एल-५ आणि त्याखालच्या हाडाला एस-१ पासून पुढे क्रमांक आहेत, नसेच्या मुळांची नावंही तीच. एल-५ चं मूळ सुजलं असेल तर रेघ मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या वरच्या पृष्ठावर व अंगठ्याकडे जाते, आणि अंगठा वर उचलायला जड जातो. टाचांवर चालून पाहिलं की हे लगेच कळतं. एस-१ चं मूळ असेल तर कळ पोटरीतून टाच, तळवा आणि करंगळीकडे उतरते. एका पायावर चवड्यावर उभं राहून दहा वेळा टाच उचलायचा प्रयत्न केला तर दुखरा पाय लवकर थकतो. एल-४ मध्ये मांडीचा पुढचा भाग, गुडघा आणि नडगीची आतली बाजू दुखते, जिना चढताना गुडघा दगा देतो. कमरेच्या गादीचा त्रास बहुतेक वेळा एल-४/५ किंवा एल-५/एस-१ या शेवटच्या दोन गाद्यांचाच असतो.

दुखणं गुडघ्याच्या वरच थांबत असेल तर सायटिकावर शंका घ्यावी. जांघेत दुखतं आणि मांडी घालून बसता येत नाही, तेव्हा खुब्याचा सांधा तपासावा. थोडं चालल्यावर पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिल्यावरही थांबते, तेव्हा पायाच्या रक्तवाहिन्या पाहाव्यात. मणक्याचा कालवा अरुंद असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. मधुमेहात दोन्ही तळव्यांची एकसारखी जळजळ होते, ती वेगळी गोष्ट. एकाच पट्ट्यात आग होऊन तीन-चार दिवसांनी फोड आले तर ती नागीण असते. आणि आपल्याकडे कधीच विसरू नये असं एक निदान म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन, रात्री पडल्यावरही न थांबणारी पाठदुखी अशी लक्षणं असतील तर आधी रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय. क्षयाच्या मणक्याजवळ स्टेरॉइड टोचणं म्हणजे आगीत तेल.

एमआरआय नेहमी लक्षणांशी ताडून वाचायचा. कसलंही दुखणं नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत गादीचा फुगवटा दिसला. त्यामुळे उजवा पाय दुखतोय आणि एमआरआय डाव्या बाजूचा दाब दाखवतोय, तर त्या एमआरआयच्या आधारे ब्लॉक देऊ नये.

इंदूरमधल्या मराठी घरांसाठी इथे एक छोटी पण कामाची गोष्ट. रामबाग असो वा सुदामा नगर, घरी आपण मराठीत बोलतो आणि डॉक्टरांकडे हिंदीत. ‘पाय बधिर झालाय’ आणि ‘पाय जड झालाय’ हे दोन्ही हिंदीत सांगताना ‘पैर सुन्न है’ असंच होऊन जातं. डॉक्टरांसाठी मात्र त्यात मोठा फरक आहे. स्पर्श कळत नसेल तर ‘सुन्न’ म्हणा, मुंग्या येत असतील तर ‘झुनझुनी’, आणि चप्पल पायातून निसटते, पाऊल उचलत नाही, असं असेल तर स्पष्ट ‘कमज़ोरी’ म्हणा. संवेदना कमी होणं थांबून पाहता येतं, ताकद कमी होत जाणं थांबून पाहता येत नाही.

या खुणा दिसल्या तर ब्लॉकचा विचारही नको

लघवीची जाणीव न होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम वाढलेला त्रास. यातलं एकही लक्षण नव्याने आलं तर ते कॉडा इक्विना, म्हणजे मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला जाणं, असू शकतं. तिथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात किंवा जिथे रात्रीही एमआरआय आणि मणक्याचे सर्जन मिळतात अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात थेट जावं. देवास, धार, महू किंवा उज्जैनहून येणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करून एमआरआय चालू आहे याची खात्री करावी.

पाऊल लोंबकळू लागलं असेल किंवा ताकद दिवसागणिक कमी होत असेल, तर आधी सर्जनचं मत. वेदना कमी झाली म्हणून नस सुटली असं होत नाही. ब्लॉकने दुखणं झाकलं गेलं आणि मागे पाय लुळा पडत गेला, हे टाळलंच पाहिजे.

किती दिवस थांबायचं

बहुतेकांचा सायटिका ६ ते १२ आठवड्यांत बराच उतरतो. त्यामुळे पहिले काही आठवडे चालत राहणं, साधी वेदनाशामकं (किडनी, पोट आणि बीपी पाहूनच) आणि फिजिओथेरपी हाच मार्ग. पूर्ण बेडरेस्टने फायदा होत नाही, दोन दिवसांच्या वर पडून राहू नये. प्रिगाबालिन हे नसेच्या दुखण्याचं औषध आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चांगल्या चाचणीत सायटिकाच्या पायदुखीत ते साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून मात्रा उतरवावी.

सहा आठवड्यांनंतरही पायातली कळ १० पैकी ६-७ च्या घरात असेल, रात्री झोप लागत नसेल आणि एमआरआय लक्षणांशी जुळत असेल, तर ब्लॉकची वेळ आली असं समजावं. दुखणं असह्य असेल तर त्याआधीही देता येतो. वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर मात्र त्याचा उपयोग कमी होत जातो, कारण तोवर सूज हे मुख्य कारण उरलेलं नसतं. पायापेक्षा कमरच जास्त दुखत असेल तरीही अपेक्षा कमी ठेवावी. हे औषध पायाच्या कळेसाठी आहे.

अपेक्षा किती ठेवायची याचं प्रामाणिक उत्तर असं. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणारी संस्था) २५ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा एपिड्युरल स्टेरॉइडने, म्हणजे मणक्यातल्या नसांच्या आवरणाबाहेरच्या जागेत दिलेल्या स्टेरॉइडने, पायदुखी खोट्या इंजेक्शनपेक्षा सरासरी १०० पैकी सुमारे ५ गुणांनीच जास्त कमी झाली, आणि तीही थोड्या काळापुरती. आकडा लहान आहे आणि तो लपवू नये. मात्र सरासरीत खूप आराम पडलेले आणि अजिबात न पडलेले एकाच पारड्यात जातात. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये १६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ६ आठवडे ते १२ महिने सायटिका असलेल्यांपैकी काहींना नसेच्या मुळाशी इंजेक्शन दिलं आणि काहींचं ऑपरेशन केलं. १८ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या हालचालींच्या क्षमतेत ठोस फरक आढळला नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीची पायरी म्हणून ब्लॉक करून पाहणं शहाणपणाचं आहे. तो ऑपरेशनची जागा प्रत्येक वेळी घेतो, असं मात्र नाही.

कोणता ब्लॉक

‘कमरेत इंजेक्शन’ या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी चालतात. कागदावर नेमकं नाव लिहून घ्या.

एका बाजूची, एकाच मुळाची कळ असेल तर ट्रान्सफोरामिनल पद्धत सर्वांत नेमकी. नस मणक्यातून जिथून बाहेर पडते त्या छिद्रात सुई नेऊन २ ते ३ मिलिलिटर औषध थेट सुजलेल्या मुळापाशी सोडतात. कोणतं मूळ दोषी आहे हेच ठरवायचं असेल, तेव्हा १ मिलिलिटर किंवा त्याहून कमी फक्त बधिर करणारं औषध देतात. त्याला सिलेक्टिव्ह नर्व्ह रूट ब्लॉक म्हणतात. औषध जास्त झालं तर शेजारची मुळंही बधिर होतात आणि चाचणी निरर्थक ठरते.

इंटरलॅमिनर पद्धतीत पाठीच्या मधून जातात आणि औषध जास्त पसरतं, दोन्ही पायांत त्रास असेल तेव्हा ती सोयीची. कॉडल पद्धतीत माकडहाडाच्या वरच्या फटीतून १० ते २० मिलिलिटर पातळ केलेलं औषध वर ढकलतात. आधी कमरेचं ऑपरेशन झालेलं असेल तर ही वाट सोपी पडते, पण औषध हव्या त्या मुळापर्यंत पोचेलच असं नाही. कॉडलचा इतिहास जुना आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघांनी स्वतंत्रपणे याच फटीतून कोकेन देऊन ही पद्धत मांडली. स्टेरॉइड त्यात १९५० च्या दशकात आलं.

कमरेच्या स्नायूत दुखऱ्या जागी दिलेलं इंजेक्शन म्हणजे नर्व्ह ब्लॉक नव्हे. क्ष-किरणांच्या सी-आर्म यंत्राशिवाय, हाताच्या अंदाजाने दिलेला ट्रान्सफोरामिनल ब्लॉक तर स्वीकारूच नका. अंदाजाने दिलेली सुई अनुभवी हातातही चुकीच्या थरात जाते. सोनोग्राफी कॉडलसाठी आणि नितंबातल्या पिरिफॉर्मिस स्नायूसाठी उपयोगी आहे, पण हाडाच्या आड असलेलं मूळ आणि रक्तवाहिनीत चाललेलं औषध ती नीट दाखवत नाही.

आदल्या आठवड्याची तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हा पहिला प्रश्न. क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आधी, वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाहून, अ‍ॅपिक्साबॅन किंवा रिव्हरोक्साबॅन साधारण ३ दिवस आधी, आणि किडनी कमजोर असेल तर त्याहून आधी थांबवतात. हे आकडे तुमच्या माहितीसाठी आहेत, स्वतः गोळी बंद करण्यासाठी नाहीत. हृदयात स्टेंट बसवून थोडे महिनेच झाले असतील तर क्लोपिडोग्रेल थांबवणं सायटिकापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. तिथे हृदयरोगतज्ज्ञांचं लेखी मत घ्या आणि गरज पडल्यास ब्लॉक पुढे ढकला. अ‍ॅस्पिरिनचं काय करायचं हे डॉक्टर जागा आणि धोका पाहून ठरवतात.

मधुमेह असेल तर आठवडाभर आधीपासून साखर लिहून ठेवा. त्या दिवशीची साखर २००-२५० च्या वर असेल तर अनेक ठिकाणी ब्लॉक पुढे ढकलतात, आणि ते बरोबर आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, कमरेवर फोड, दाताचा पू यांपैकी काहीही चालू असेल तरीही थांबावं. गरोदर असण्याची शक्यता असेल तर क्ष-किरणांमुळे ते आधी सांगणं आवश्यक. पूर्वी आयोडीनच्या रंगद्रव्याची किंवा दातांच्या भुलेची अ‍ॅलर्जी झाली असेल तर तेही. एचआयव्हीच्या काही औषधांबरोबर (रिटोनाव्हिर, कोबिसिस्टॅट) स्टेरॉइड शरीरात साठून राहतं. संकोच न करता ही औषधं सांगितलीच पाहिजेत.

बरोबर न्यायचं: एमआरआयचा रिपोर्टच नव्हे तर फिल्म किंवा सीडी, चालू औषधांची यादी, सैल पायजमा, आणि परत घेऊन जाणारं माणूस. गुंगीचं औषध देणार असतील तर ६ तास उपाशी राहावं लागतं. नुसत्या जागेवरच्या भुलेवर करणार असतील तर बहुधा हलकं खाणं चालतं. बीपीची सकाळची गोळी चुकवू नका. इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, उपाशी पोटी नेहमीचा डोस घेऊन साखर उतरल्याने लोक टेबलावर चढायच्या आधीच घामाघूम होतात.

मेडिक्लेम असेल तर हा उपचार डे-केअरमध्ये बसतो का, आणि पूर्वमंजुरी लागते का, हे आधी लेखी विचारा. २४ तास भरती नसल्याच्या मुद्द्यावर दावे अडकतात. दर विचारताना एकच आकडा घेऊ नका. डॉक्टरांचं शुल्क, सी-आर्म आणि ओटी, औषधं, खोली असं वेगवेगळं मागा.

टेबलावर काय होतं

१. तुम्हाला पालथं झोपवतात आणि पोटाखाली उशी देतात. त्यामुळे कमरेचा बाक सपाट होतो आणि हाडांमधल्या वाटा उघडतात. हाताला सलाइनची सुई, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. ‘दुखरी बाजू कोणती’ हे डॉक्टरांनी या क्षणी पुन्हा विचारायला हवं. नाही विचारलं तर तुम्ही सांगा.

२. जंतुनाशकाने कमर पुसतात. ते वाळू देणं महत्त्वाचं, ओलं असताना टोचलं तर जंतू मरायला वेळच मिळालेला नसतो.

३. सी-आर्म आधी मणक्याच्या कडा एका रेषेत येईपर्यंत डोक्याकडे किंवा पायाकडे झुकवतात, मग दुखऱ्या बाजूला २० ते ३० अंश तिरपं करतात. पडद्यावर हाडांची सावली छोट्या कुत्र्यासारखी दिसू लागते. त्याच्या डोळ्याच्या खालची जागा हे सुईचं लक्ष्य.

४. त्वचेत बधिर करणारं १ टक्का लिग्नोकेन १-२ मिलिलिटर. पाच-दहा सेकंद झोंबतं. बऱ्याच जणांना सगळ्यांत जास्त दुखतं ते इथेच.

५. २२ किंवा २५ गेजची, साधारण ९ सेंटिमीटर लांबीची बारीक सुई थोडी थोडी पुढे नेत, प्रत्येक वेळी चित्र पाहत जातात. बाजूने घेतलेल्या चित्रात टोक छिद्रात दिसलं पाहिजे, आणि समोरच्या चित्रात ते पेडिकलच्या (छिद्राच्या वरच्या हाडाच्या दांड्याच्या) मध्यरेषेपलीकडे आत गेलेलं नसावं. एस-१ साठी वाट वेगळी, तिथे त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाच्या) मागच्या छिद्रातून जातात.

इथे तुमचं काम आहे बोलण्याचं. ओळखीची कळ थोडी जागी झाली तर सांगा, टोक जवळ आल्याची ती खूण असते. एकदम विजेसारखा झटका बसला तरी हलू नका, पण मोठ्याने सांगा. मग डॉक्टर सुई मागे घेतात. याच कारणासाठी गाढ गुंगी देऊन हा ब्लॉक करू नये. झोपलेला रुग्ण नसेला सुई लागली हे सांगू शकत नाही. ‘काही कळणारच नाही, पूर्ण झोपवून करू’ हे ऐकायला बरं वाटतं, पण ती सुरक्षित सोय नाही.

६. सिरिंज मागे ओढून रक्त येतं का ते पाहतात. रक्त आलं नाही म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाही, असं मात्र ठरत नाही. म्हणून अर्धा ते एक मिलिलिटर रंगद्रव्य (बहुधा आयोहेक्सॉल) चालू क्ष-किरणांखाली सोडतात. बरोबर जागी असेल तर मुळाभोवती नळीसारखी रेघ उमटते आणि टिकते. रक्तवाहिनीत असेल तर रंग क्षणात वाहून नाहीसा होतो. तेव्हा सुई हलवायची, औषध सोडायचं नाही. ही सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत मोलाची पायरी आहे आणि खर्च वाचवायला नेमकी हीच वगळली जाते.

७. मग बधिर करणारं थोडं औषध, मिनिट-दोन मिनिटं थांबून पायाची बोटं हलवायला सांगणं, आणि शेवटी स्टेरॉइड.

स्टेरॉइड कोणतं हे जरूर विचारा. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन (बहुधा ४० मिलिग्रॅम) आणि मिथाइलप्रेडनिसोलोन (४० ते ८० मिलिग्रॅम) यांच्या बाटलीत बारीक कण तरंगत असतात. छिद्रातून मणक्याकडे जाणाऱ्या एखाद्या धमनीत हे कण गेले तर ती बंद पडून दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात. असं क्वचित घडतं, पण घडलेलं आहे, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये एपिड्युरल स्टेरॉइडविषयी इशाराही दिला. डेक्सामेथासोन पूर्ण विरघळलेलं असतं, त्यात कण नसतात. कमरेच्या ट्रान्सफोरामिनल ब्लॉकसाठी पहिल्यांदा तेच वापरावं. आपल्याकडची २ मिलिलिटरची साधी बाटली ८ मिलिग्रॅमची असते, ती यासाठी पुरेशी आहे. ‘कण असलेलं औषध जास्त दिवस टिकतं’ असं सांगितलं जातं. पायदुखीच्या बाबतीत असलाच तर तो फरक फार थोडा आहे आणि त्यासाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

सगळं मिळून १५ ते ३० मिनिटं.

पहिले सहा तास, मग चौदा दिवस

अर्धा ते एक तास तिथेच थांबवतात. पाय जड किंवा बधिर वाटणं २ ते ६ तास राहू शकतं, त्यामुळे पहिल्यांदा उठताना आणि जिना उतरताना कोणाचा तरी खांदा धरा. २४ तास गाडी चालवू नका, मागे बसून स्कूटरवरही जाऊ नका. उज्जैन-देवासला परतायचं असेल तर कारची सीट थोडी मागे रेलून घ्या आणि वाटेत एकदा उतरून पाय मोकळे करा.

आता वही काढा. ० ते १० मध्ये पायाचं दुखणं किती, हे ब्लॉकच्या आधी, मग अर्ध्या तासाने, २ तासांनी, ६ तासांनी, आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी लिहा. कमर आणि पाय वेगवेगळे लिहा. पहिल्या तासांत पूर्वी ज्या हालचालीने कळ यायची तीच हालचाल करून पाहा, नुसतं पडून राहून आकडा लिहू नका. ही वही पुढच्या निर्णयाचा कणा आहे, कारण तिच्यातून असं वाचता येतं:

पहिल्या तासांत दुखणं निम्म्याहून जास्त उतरलं, संध्याकाळी परत आलं, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा उतरू लागलं, तर मूळ बरोबर होतं आणि सूजही होती. हा सर्वांत चांगला नमुना. संध्याकाळी दुखणं परत येतं ते बधिर करणारं औषध उतरल्यामुळे, स्टेरॉइडला २ ते ७ दिवस लागतात. नेमकं याच रात्री ‘इंजेक्शन फेल गेलं’ म्हणून लोक खचतात.

पहिल्या तासांत उतरलं पण दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, तर मूळ बरोबर आहे पण त्रास सुजेपेक्षा दाबाचा असावा. ही माहिती सर्जनसाठी फार उपयोगी असते. आणि पहिल्या तासांतही काहीच उतरलं नाही, तर एक तर औषध त्या मुळाशी पोचलं नाही, किंवा दुखणं त्या मुळाचं नाहीच. अशा वेळी तेच इंजेक्शन त्याच जागी पुन्हा देण्याला अर्थ नाही, निदान पुन्हा तपासायचं.

टोचलेली जागा दुखली तर १०-१५ मिनिटं बर्फ, शेक नको. अंघोळ दुसऱ्या दिवशी. पोहणं किंवा ओंकारेश्वरला नर्मदेत डुबकी घेणं निदान तीन-चार दिवस टाळा. मधुमेहींनी ५ ते ७ दिवस रोज किमान दोनदा साखर तपासावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती बरीच वर जाऊ शकते. त्या आठवड्यात सकाळचे पोहे खुशाल खा, सोबतची जलेबी मात्र नको. साखर सलग ३०० च्या वर राहिली तर डॉक्टरांना फोन.

दुसऱ्या दिवसापासून सपाट जागी दहा मिनिटं, दिवसातून तीनदा चाला. तीन-चार दिवसांनी फिजिओथेरपी. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलल्याने कळ पावलाकडून नितंबाकडे सरकत असेल तर तो व्यायाम तुम्हाला मानवतोय, कमर थोडी जास्त दुखली तरी. कळ खाली पायाकडे पळत असेल तर तो थांबवा. पाय सरळ ताणून नस ‘मोकळी’ करायचा जोर पहिल्या आठवड्यांत करू नका, सुजलेली नस ताणली की चिडते. सलग अर्ध्या तासावर बसणं, उकिडवं बसणं आणि वजन उचलणं टाळा. भरलेला घरगुती सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो. दुखणं थांबलंय म्हणून दहाव्या दिवशी तो उचलायला जाणं, ही चांगला ब्लॉक वाया घालवण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

काय बिघडू शकतं

चेहरा लाल होणं, दोन-तीन रात्री झोप न येणं, उचकी, बीपी थोडं वाढणं, स्त्रियांत पाळी मागेपुढे होणं, हे आपोआप जातं. बसल्यावर वाढणारी आणि आडवं होताच थांबणारी डोकेदुखी म्हणजे मणक्यातल्या पाण्याच्या पिशवीला सुई लागलेली असू शकते. पाणी जास्त पिणं, आडवं राहणं आणि डॉक्टरांना कळवणं.

लगेच रुग्णालय गाठायचं ते असं असेल तर: थंडी वाजून ताप आणि वाढती पाठदुखी (पू धरणं काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही दिसतं), पायाची ताकद सहा तासांनंतरही न परतणं किंवा परत येऊन पुन्हा जाणं, लघवी अडणं. रक्ताची गाठ होऊन नसांवर दाब आला असेल तर ती काही तासांत काढावी लागते.

दुसरं इंजेक्शन, की ऑपरेशन

‘तीन इंजेक्शनांचं पॅकेज’ घेऊ नका. पहिल्याने काय झालं हे पाहिल्याशिवाय दुसरं ठरवता येत नाही, आणि पहिल्याने पूर्ण आराम पडला तर दुसऱ्याची गरजच नाही. निम्म्याहून जास्त आराम पडून काही आठवड्यांनी थोडं परतलं, तर दुसरं देण्यात अर्थ आहे. दोन्हींत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. वर्षभरात तीन-चारच्या वर जाऊ नये. स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं, शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड काही आठवडे दबतं, आणि गुडघ्यात-खांद्यात घेतलेली इंजेक्शनंही याच हिशेबात धरायची.

ओझोन वायूचं किंवा पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन सुचवलं गेलं तर ते नर्व्ह ब्लॉकपेक्षा वेगळे उपचार आहेत, त्यांचा धोका आणि पुरावा वेगळा विचारा. रेडिओफ्रिक्वेन्सीने सांध्यांच्या छोट्या नसा जाळतात, तो कमरदुखीचा उपाय आहे, पायाच्या मुळाला लावायचा नाही.

ताकद टिकून आहे पण १२ आठवड्यांनंतरही कळ तशीच आहे, बरोबर जागी दिलेल्या ब्लॉकचा फायदा टिकला नाही, तेव्हा मायक्रोडिसेक्टॉमीकडे, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा दाबणारा तुकडा काढण्याच्या ऑपरेशनकडे, पराभव म्हणून पाहू नये. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांना, ऑपरेशनाशिवाय थांबून पाहिलेल्यांपेक्षा, आराम लवकर पडला, वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे प्रश्न बरं होण्याचा कमी आणि किती काळ सोसायचं याचा जास्त आहे. तो निर्णय तुमची झोप, तुमचं काम आणि तुमची वही पाहून घ्यायचा.

घरी निघताना मिळणाऱ्या कागदावर या गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते तपासा: कोणती बाजू, कोणतं मूळ, कोणत्या वाटेने, कोणतं स्टेरॉइड किती मिलिग्रॅम, किती रंगद्रव्य. रंगद्रव्य पसरलेल्या चित्राची एक प्रतही मागून घ्या. नुसतं ‘एपिड्युरल दिलं’ एवढंच लिहिलं असेल, तर काउंटरवरूनच परत पाठवून पूर्ण लिहून आणा. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा त्यांना सुरुवात याच कागदापासून करावी लागेल.